गिअरची गाडी की ऑटोमॅटिक? तुमचे अनुभव हवेत

आमची वॅगन आर २०११ची. एवढ्या वर्षांत एकदा क्लच प्लेट बदलली, बाकी तिनं कधी वाटेत सोडलं नाही. आता गाडी बदलायची वेळ आलीय ती माझ्या डाव्या गुडघ्यामुळे. कोथरूडहून खराडीला रोज जाते-येते. परतताना येरवड्यापासून संचेतीपर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत यायचं आणि घरी आल्यावर पहिला जिना कठड्याला धरून चढायचा, असं वर्षभर चाललंय.

दुसरी बाजू अशी की माहेर चिपळूणचं. वर्षातून चार-पाच वेळा उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली उतरतो, भर पावसातसुद्धा. घरातलं म्हणणं, "घाटात गिअर आपल्या हातात हवा." ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. शोरूममध्ये सांगतात की त्यातल्या एएमटीला पन्नास-साठ हजार जास्त, टॉर्क कन्व्हर्टरला लाखाच्या वर. माहितीपत्रकं वाचून झाली. ज्यांनी स्वतः गाडी बदललीय त्यांच्याकडून ऐकायचंय: कोणता रस्ता, किती वर्षं, काय सुटलं आणि काय नवीन मागे लागलं. जे परत गिअरवर आले त्यांनी तर नक्की लिहा.

ठाणे, घोडबंदर रोड

ताई, ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं कोणतं, हे आधी ठरवा. आम्ही ते विचारलंच नाही आणि तिथेच फसलो.

पहिली घेतली ती ड्युअल क्लचची. एक क्लच विषम गिअरसाठी, दुसरा सम गिअरसाठी. एक सुटायच्या आत दुसरा लागलेला असतो. हायवेला त्या गाडीसारखं सुख नाही. पण आमचा रोजचा रस्ता म्हणजे गायमुखचा चढ आणि त्यावर दोन-दोन तास सरकणारे ट्रेलर. दुसऱ्या उन्हाळ्यात रात्री साडेनऊला, मागे आई आणि झोपलेला मुलगा, समोर पडद्यावर सूचना आली की गिअरबॉक्स तापलाय, गाडी थांबवा. कडेला घ्यायलाही जागा नव्हती. चाळीस मिनिटं तशीच काढली. आईला दम्याचा त्रास आहे. ती रात्र मी विसरलेलो नाही.

नंतर एका जुन्या मेकॅनिकनं समजावलं. तो क्लच कोरडा होता, म्हणजे थंड व्हायला फक्त हवा. मी पुढची गाडी वीतभर सरकली की ब्रेक सोडायचो, तेव्हा गाडी माझ्या वतीनं हाफ क्लचवर चालत होती. गिअरच्या गाडीत वास आला असता, पायाला कळलं असतं. इथे कळायला मार्गच नव्हता.

आता तीन वर्षं टॉर्क कन्व्हर्टर आहे. इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते, त्यामुळे अशा सरकण्यात घासून जळणारी प्लेट नाही. पेट्रोल थोडं जास्त पिते. तेवढं मी आनंदानं देतो. आणि सवय बदलली: पुढे दीड गाडीची जागा झाल्याशिवाय हलायचंच नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

सातारा

पाच वर्षं एएमटी, ७२ हजार किलोमीटर. कुंभार्ली, आंबेनळी, पसरणी सगळं त्याच गाडीनं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. हे पक्कं लक्षात ठेवलं की तिचं सगळं वागणं समजतं. गिअर बदलताना मान पुढे झुकते, कारण तेवढा क्षण क्लच दाबलेला असतो. आपण गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडतो, तसा इथेही गिअर पडायच्या बेताला पाय किंचित हलका केला तर झटका जवळजवळ जातो. हे हाताला, म्हणजे पायाला, बसायला मला दोन महिने लागले.

घाट उतरताना 'डी'वर, म्हणजे गिअर गाडीच ठरवते त्या ड्राइव्हवर, राहू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बऱ्याच गाड्या वरचा गिअर टाकतात, गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. 'एम'वर, म्हणजे मॅन्युअलवर, घ्या आणि दुसरा धरून ठेवा. कुंभार्लीच्या वळणांत इंजिन गाडीला तसंच धरतं जसं तुमच्या वॅगन आरमध्ये धरत होतं. चढाला लाल सिग्नल किंवा रांग लागली तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, त्यानं क्लच प्लेट जाते. हँडब्रेक ओढा. हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडीला क्षणभर मागे जाऊ न देणारी सोय) असलेलंच मॉडेल घ्या, त्यासाठी दुसरी एखादी सोय सोडावी लागली तरी चालेल.

अजून एक. आमच्या एएमटीला 'पी', म्हणजे लावल्यावर चाकं अडकवणारं पार्क, नाही. उतारावर लावताना गिअरमध्ये ठेवून बंद करायची आणि हँडब्रेक लावायचा. पाहुण्यांना चावी देताना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

सोलापूर

मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. डाव्या पायात ताकद नाही. इथे सगळे गुडघा, ट्रॅफिक, ॲव्हरेज यावर लिहितायत ते बरोबरच आहे, पण माझ्यासाठी हा प्रश्न गाडी चालवायची की नाही असा होता.

छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक पूर्वीही मिळायची, पण मोजकीच आणि आमच्या खिशाबाहेरची. मग उरायचं ते क्लच हातानं दाबायचा दांडा बसवून घेणं. मी तशी गाडी सहा वर्षं चालवली. एका हातात क्लच, त्याच हातानं गिअर, दुसऱ्यात स्टिअरिंग. विजापूर रोडला एकदा बैलगाडी आडवी आली तेव्हा हात कमी पडला. कोणाला लागलं नाही, पण त्यानंतर मुलांना गाडीत बसवायचं मी बंद केलं.

२०१४ साली सेलेरिओ एएमटीत आली आणि ऑटोमॅटिक पहिल्यांदाच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात दिसली. मी सेकंडहँड घेतली, तीन वर्षांनी. पहिल्या रविवारी बायको-मुलांना घेऊन तुळजापूरला गेलो. पंचेचाळीस किलोमीटर. देवळाच्या पायऱ्या मला चढवत नाहीत, मी खाली गाडीतच बसलो, पण तिथवर त्यांना मी नेलं होतं. "खरी ड्रायव्हिंग गिअरचीच" असं कोणी म्हणालं की मला वाद घालावासा वाटत नाही, फक्त हे सांगावंसं वाटतं.

कोल्हापूर

ड्रायव्हिंग स्कूल चालवून सव्वीस वर्षं झाली. माझं मत स्पष्ट आहे: शिका गिअरवर, मग घ्या जी परवडेल ती. आपल्याकडे दुचाकीच्या लायसन्सवर गिअरची आणि बिनगिअरची असा भेद असतो, पण चारचाकीला मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा वेगळा शेरा नसतो. म्हणजे ऑटोमॅटिकवर शिकलेल्याला उद्या भावजीची गिअरची गाडी रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कायदा अडवत नाही, पण पाय अडवतो.

बदलणाऱ्यांची पहिल्या आठवड्यातली चूक ठरलेली. घाईत डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडतो, तोही क्लच दाबायच्या जोरानं. गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन धडकतो. म्हणून डावा पाय सीटच्या बाजूला मागे ओढून घ्यायचा, पहिले पंधरा दिवस तिथेच ठेवायचा.

नाशिक

वरच्या काकांनी लिहिलंय त्यात भर. बाबा ६८ वर्षांचे, चाळीस वर्षं गिअरच्या गाड्या चालवलेल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मीच हट्टानं सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिकचाच आणखी एक प्रकार, घेऊन दिली. चौथ्या दिवशी सोसायटीत गाडी लावताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला. गाडी उसळली म्हणून घाबरून त्यांनी तोच पाय आणखी दाबला. खांबाला धडकली. दोन मिनिटांपूर्वी तिथे मुलं सायकल खेळत होती.

त्यावर मी खूप विचार केला. गिअरच्या गाडीत लावताना डावा पाय क्लचवर असतोच. गोंधळ झाला तरी क्लच दाबला की चाकांना ताकद मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ही मधली पायरीच नाही. 'डी'वर टाकून ब्रेक सोडला की गाडी आपली आपण पुढे निघते, हे त्यांना सांगितलं होतं, पण शरीराला माहीत नव्हतं. मग महिनाभर रोज सकाळी त्यांना मोकळ्या मैदानात नेलं. ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. फक्त ब्रेक सोडून-धरून गाडी सरकवायची आणि लावायची. टाच ब्रेकच्या समोर टेकलेली, ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा वळवायचा. आता ते त्र्यंबकला एकटे जातात. आईवडिलांना गाडी देणाऱ्यांनो, हा महिना कृपया द्या.

गिरगाव

आमच्या वाडीत गाड्या एकामागे एक लागतात. न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, ज्याला बाहेर पडायचं तो ढकलतो. 'पी'वर लावलेली गाडी ढकलता येत नाही, म्हणून माझी चावी तीन घरांत ठेवलेली आहे. घेण्याआधी पार्किंग बघा.

चिपळूण

तुम्ही आमच्या गावच्या म्हणून आवर्जून लिहितोय. मी एएमटी अडीच वर्षं वापरून विकली आणि परत गिअरची घेतली. कशेडीला बोगदा झाला, तो प्रवास सोपा झाला. पण माझं काम गुहागर, दापोली, मंडणगड असं आतल्या रस्त्यांवर. दोन पदरी रस्ता, पुढे चिऱ्याचा ट्रक, वळण संपून शंभर मीटरची जागा दिसते. तिथे मला दुसरा गिअर आत्ता हवा असतो. गाडी क्षणभर विचार करते आणि तेवढ्यात समोरून एसटी दिसते. दोनदा असं झालं. 'एम'वर घेऊन ठेवलं तर चालतं, हे सातारकरांचं खरं. पण दिवसभर 'एम'वरच चालवायची तर पैसे कशाला भरले?

शिवाय एकदा भर पावसात वेळणेश्वरला बॅटरी उतरली. गिअरची असती तर चार पोरांनी धक्का मारून दुसऱ्यावर सुरू केली असती. ही सुरू होईना. दुसऱ्या गाडीवाल्यानं वायर आणून जोडेपर्यंत संध्याकाळ झाली.

तुमचा रोजचा रस्ता पुण्याचा आहे, माझा नाही. माझं ऐकून गुडघा खर्च करू नका.

श्टुटगार्ट

इथे जर्मनीत भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर तशी मर्यादा पडते. १ एप्रिल २०२१पासून बी १९७ नावाचा मधला मार्ग निघालाय: गिअरच्या गाडीवर ४५ मिनिटांचे किमान दहा तास शिकायचे, शिकवणाऱ्याकडे निदान पंधरा मिनिटांची चाचणी द्यायची आणि सरकारी परीक्षा ऑटोमॅटिकवर. मी तोच घेतला. पुण्यात अकरा वर्षं गिअरची गाडी चालवूनही ते दहा तास जड गेले, कारण गिअर उजव्या हातात आला. बर्फाळ चढावर, परीक्षक मागे बसलेला असताना, लक्ष फक्त रस्त्यावर ठेवता आलं हे मला ऑटोमॅटिकचं मोठं देणं वाटलं.

पुन्हा मी, कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. सोलापूरच्या दादांचं लिहिणं घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

काल टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या मुलाला म्हटलं, चौकातून फिरवून आणू नकोस, जुन्या कात्रज घाटात चल. एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टर, दोन्ही त्याच चढावर थांबवून पुन्हा काढल्या. हिल होल्ड दोन्हींत होतं. उतरताना एएमटी 'एम'च्या दुसऱ्यावर धरली आणि शेजारी बसलेले "घाटात गिअर हातात हवा"वाले म्हणाले, "हातात आहे की!" तरी येताना स्वारगेटच्या गर्दीत गुडघ्यानं टॉर्क कन्व्हर्टरला कौल दिला. बजेट ८० हजारांनी वर जातंय, म्हणून सनरूफचं मॉडेल सोडलं. बुकिंग शनिवारी.

गाडी आल्यावर पहिला महिना डावा पाय मागे. गणपतीला कुंभार्ली उतरून आले की उरलेलं लिहिते.