प्रतिसाद : कायम सावलीतील विवरे आणि पृथ्वीप्रकाश

चर्चेत असे म्हटले आहे की चंद्राच्या ध्रुवांजवळच्या ज्या विवरांत सूर्य पोचत नाही, तिथे पृथ्वीचा प्रकाशही (म्हणजे पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश) पोचणार नाही. हे मला पटत नाही. चंद्राच्या अक्षाचा सूर्याच्या संदर्भातील कल जेमतेम १.५ अंश असल्याने ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून तेवढाच वर येतो. पृथ्वी मात्र तिथे सुमारे ६.७ अंशांपर्यंत चढते, आणि दर महिन्यात साधारण दोन आठवडे क्षितिजाच्या वर असते. त्यामुळे उथळ विवरांच्या, विशेषतः पृथ्वीकडे तोंड असलेल्या उतारांवर सूर्य कधीच दिसत नसला तरी पृथ्वी दिसू शकते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरील शॅकल्टन विवराची गोष्ट वेगळी : २१ किलोमीटर रुंद आणि सुमारे ४ किलोमीटर खोल अशा त्या विवराच्या कडा इतक्या तीव्र उताराच्या आहेत की तळापर्यंत थेट पृथ्वीप्रकाश जात नाही, तिथे उजळलेल्या कडांवरून परावर्तित झालेला प्रकाशच काय तो उरतो. दक्षिण कोरियाच्या दानुरी या चंद्रयानावरील शॅडोकॅम हा कॅमेरा अशाच मंद प्रकाशात छायाचित्रे घेतो.

हा प्रकाश नगण्य मानू नये. चंद्रावरून दिसणारी पूर्ण पृथ्वी आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या तीसपटीहून अधिक तेजस्वी असते. पर्वतीवरून द्वितीयेची कोर पाहताना तिच्या कुशीत जो राखाडी गोल दिसतो, तो याच प्रकाशाने उजळलेला असतो.