नेटवर्क मॉनिटरिंगला 'पाळत' म्हणावं का?

कयाधू_काठ (हिंगोली):
कॉलेजच्या लॅबसाठी आम्ही काही मित्र एक लाइव्ह लिनक्स डिस्ट्रो, म्हणजे प्रोग्रामांसकट तयार ऑपरेटिंग सिस्टीम, बनवायलाव. पाया डेबियन या जुन्या डिस्ट्रोचा, हार्डडिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालते. आत सुरिकाटा, झीक, वायरशार्क, टीसीपीडम्प अशी नेटवर्कवरून जाणारा डेटा तपासणारी सुरक्षेची हत्यारं आहेत. पडद्यावरचा मजकूर सगळा मराठीत. 'नेटवर्क सिक्युरिटी मॉनिटरिंग'ला मी 'नेटवर्क सुरक्षा पाळत' लिहिलं होतं. चाचणीला दिल्यावर एका मॅडमनी तिथंच थांबवलं. म्हणाल्या, पाळत संशयितावर ठेवतात, माझी पोरं संशयित नाहीत. दुसरी अडचण 'लाइव्ह'ची. 'थेट' केलं तर पोरं विचारायलीत, थेट प्रक्षेपण कुठं दिसतं? रिलीज तोंडावर आलंय. शब्द सुचवा.

व्याकरणमास्तर:
मॅडमचं बरोबर आहे. ज्याच्यावर पाळत असते त्याला ती कळू द्यायची नसते, हा अर्थ त्या शब्दाला कायमचा चिकटलाय. शासकीय मराठीत मॉनिटरिंगला 'सनियंत्रण' रूढ आहे, समित्यांच्या नावांतही दिसतो. तो घ्या. नाहीतर साधं 'देखरेख'.

रात्रपाळी (मूळ लातूर):
सर, 'सनियंत्रण' इथं अर्थानंच चुकतो. त्यात नियंत्रण आहे आणि या यंत्राच्या हातात नियंत्रण मुळीच नसतं. मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या मिरर पोर्टवरून डेटाच्या वाहतुकीची एक प्रत त्याला मिळते. मूळ पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आपल्या वाटेनं निघून गेलेलं असतं. यंत्र बाजूला बसून बघतं, नोंद ठेवतं, खटकलं तर अलर्ट देतं. अडवायचं काम फायरवॉलचं. मी रात्रभर हेच करतो, म्हणून सांगतो: अलर्ट आला तरी तो खरा का खोटा हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. 'देखरेख' म्हटलं की मला मुकादम आठवतो, हाताखालच्या माणसांवरची. पॅकेट कुणाच्या हाताखालचं नसतं.

ज्वारीवाला (सेलू):
मग 'जागल' घ्या की! आमच्याकडं हरभऱ्यात, भुईमुगात रानडुकरं शिरतात म्हणून रात्री जागलीला जातात. वडील जायचे, मीही गेलोय. माळ्यावर बसायचं, कान उघडे ठेवायचे, खसफस झाली की बॅटरी मारून बघायची. रात्रपाळीदादा, तुम्ही सांगितलेलं काम हेच आहे. 'नेटवर्क जागल' वाचलं की खेड्यातल्या पोराला एका दमात कळंल.

व्याकरणमास्तर:
शब्द गोड आहे, पण शेतातली ही क्रिया 'राखण'. जागल्या हा गावचा पहारेकरी, त्याचं काम ती जागल.

ज्वारीवाला:
नाही सर. राखण दिवसाची, पाखरांपासून. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन उभं राहायचं, ती राखण. जागल रात्रीची. आमच्या घरात हे दोन शब्द कुणी एकमेकांच्या जागी वापरत नव्हतं.

रात्रपाळी:
हा फरक आमच्या धंद्यात जसाच्या तसा आहे! सुरिकाटा दोन तऱ्हांनी चालते. बाजूला बसून नुसती ओळखते तेव्हा आयडीएस (घुसखोरी ओळखणारी यंत्रणा). वाहतुकीच्या वाटेतच बसवली आणि वाईट पॅकेट टाकून दिली की आयपीएस (घुसखोरी रोखणारी यंत्रणा). गोफण मारणारी ती राखण, नुसती जागी असणारी ती जागल. दोन्हीला आजवर मराठीत एकच गुळमुळीत 'संरक्षण प्रणाली' लिहितात, त्याचा मला खरंच राग येतो. आणि सुरिकाटा हे नाव मीरकॅटच्या शास्त्रीय नावातून आलंय. कळप चरत असताना त्यातला एक जण उभा राहून आजूबाजूला बघतो आणि धोका दिसला की आवाज देतो.

तेरणा:
पण जागल हाकलत नाही हे कुणी सांगितलं? आमच्या कळंबकडं जागलीवाले डबे बडवायचे, आरोळ्या द्यायचे, फटाके लावायचे. डुक्कर बघून नोंद ठेवणारा जागल्या मी तरी पाहिला नाही.

ज्वारीवाला:
आरोळी म्हणजे अलर्टच झाला ना, ताई.

जुना_कागद (नांदेड):
'निगराणी' कुणालाच कसा आठवला नाही? आजोबांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूत झालं. त्यांच्या तोंडी कामावर निगरानी, पिकावर निगरानी, नातवंडांवरही निगरानी. त्यात संशय नव्हता, काळजी होती.

व्याकरणमास्तर:
निगराणी फारसी. आणि हल्ली ऐकू येतो तो हिंदी वाहिन्यांमुळे. आपल्याकडे 'पहारा' आहे, संस्कृत 'प्रहर'वरून आलेला. घरात असताना उसनं कशाला?

जुना_कागद:
मास्तर, मराठवाड्यात हा शब्द कुठल्या वाहिनीनं आणला नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा कारभार उर्दूत चालायचा. पिढ्यानपिढ्या जिभेवर असलेला शब्द उसना कसा? 'नजर' अरबी आहे, तीही परत करायची का? तुम्ही पुण्याच्या कोशाला मराठी म्हणता, मी माझ्या आजोबांच्या बोलण्याला.

व्याकरणमास्तर:
मीही अंबाजोगाईचा आहे. मुकुंदराजांच्या गावचा माणूस शुद्धतेचा आग्रह धरतो तो पुण्यासाठी नाही धरत.

झरोका:
मला 'पाळत'च्या बाजूनं बोलायचंय. व्हर्न पॅक्सन यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत झीक लिहायला घेतलं तेव्हा त्याचं नाव 'ब्रो' होतं. ते ऑर्वेलच्या '१९८४' कादंबरीतल्या, सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या 'बिग ब्रदर'वरून मुद्दाम ठेवलेलं, की या हत्याराच्या आत खासगीपणा मोडायची ताकद आहे हे वापरणाऱ्यानं विसरू नये. २०१८ मध्ये नाव बदललं ते इंग्रजीत 'ब्रो'ला उडाणटप्पू पोरांचा वास यायला लागला म्हणून. धोका होता तसाच आहे. कोण कधी कुठल्या साइटवर गेलं ते झीकच्या नोंदींत दिसतं. लॅबमधल्या पोरांना हे माहीत असायला हवं. 'जागल' म्हणून ते गोड करू नका. मॅडमना टोचलं, ते टोचणं योग्य आहे.

कयाधू_काठ:
झरोकाताई, हे पटतंय आणि म्हणूनच अडचण वाढली. आम्ही सुरुवातीच्या पडद्यावर 'या नेटवर्कवरच्या नोंदी ठेवल्या जात आहेत, परवानगी घेतली आहे का?' असं विचारतो. शब्द कुठलाही घेतला तरी ते राहणार. 'लाइव्ह'चं कुणी सांगा.

रात्रपाळी:
'बिनबसवणी' कसं वाटतं? हार्डडिस्कवर न बसवता चालणारी. २००० मध्ये आलेल्या नॉपिक्स या लाइव्ह डिस्ट्रोपासून लाइव्हचा अर्थ एवढाच. मूळ फाइल सिस्टीम दाबून भरलेली, फक्त वाचता येणारी. बदल सगळे रॅममध्ये, मशीन बंद केलं की गेले. पण एक बोलू का? शब्दापेक्षा मोठं दुखणं इथं आहे. १०० मेगाबिटची लाइन भरून वाहिली तर तासाला ४५ जीबी पॅकेट येतात. ८ जीबी रॅम १०-११ मिनिटांत भरते. नोंदींसाठी वेगळी डिस्क जोडायला सांगताय ना? सिक्युरिटी ओनियन या नेटवर्क मॉनिटरिंगच्याच डिस्ट्रोच्या, झुबुंटू लिनक्सवर बेतलेल्या जुन्या आवृत्त्याही लाइव्ह चालायच्या, पण त्या चाखून बघायला. खरं काम डिस्कवर बसवूनच.

तेरणा:
'बिनबसवणी' डिस्ट्रो म्हणजे बसायला जागा नसलेली वाटते. 'न बसवता' एवढं लिहा, पुरे. आणि डिस्ट्रोला 'वितरण' केलं नाही ना? ते वाचलं की विजेचं बिल डोळ्यांपुढं येतं.

कयाधू_काठ:
'संच' केलंय, ताई. डिस्कची सूचना पुस्तिकेत होती, आता पडद्यावरही टाकतो. आयएसओचा, म्हणजे संचाच्या फाइलचा, एसएचए-२५६ (फाइल बदलली नाही हे तपासायचा ठसा) काढून झालाय, जीपीजी सही (फाइल आमचीच हे दाखवणारी डिजिटल सही) राहिलीय.

व्याकरणमास्तर:
सही? 'स्वाक्षरी' म्हणा. सहीही अरबीच.

जुना_कागद:
मास्तर, बँकेत तुम्ही काय करता? सहीच ना?

ज्वारीवाला:
तेरणाताई, डबे बडवायला जायचे त्याला तुमच्याकडं जागलच म्हणायचे का 'हाकारा'? आईला विचारलं, ती म्हणाली तिच्या माहेरी, जिंतूरकडं, 'जागलीवर बसणं' म्हणायचे, 'जागलीला जाणं' नाही.