काकांच्या नर्मदेच्या कॅसेटी कशा वाचवू?

पंचवटीकर
काका मार्चमध्ये गेले. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टी लागली की कॅमेरा खांद्याला लावून अक्कलकुव्याची एसटी धरायचे. १९८९ पासून पुढची काही वर्षं त्यांनी नर्मदा बचाव आंदोलनाचं शूटिंग केलं, सगळं पदरमोड करून. काकू म्हणतात, ह्यांचा प्रॉव्हिडंट फंड त्या पेटीत आहे.

पंचवटीतला वाडा आता बिल्डरकडे जातोय म्हणून पेटी माळ्यावरून खाली काढली. आत व्हीएचएस, तळहातावर मावतील अशा आठ मिलीमीटरच्या छोट्या कॅसेटी आणि पत्र्याच्या डब्यांत सुपर एट फिल्मची रिळं. एका डब्याचं झाकण उघडलं तर व्हिनेगरचा भपकारा आला. एका व्हीएचएसच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. लेबलांवर काकांच्या अक्षरात 'मणिबेली', 'फेरकुवा', 'हरसूद' एवढंच, काहींवर तेही नाही.

एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सगळ्याच्या डीव्हीडी करून देतो, मग हे भंगारात टाका." मी पेटी उचलून घरी आणली. चुलतभाऊ म्हणतो, कुणाचा तरी जुना व्हीसीआर आणून आधी बघू तरी काय आहे ते. बघू का?

रीळवाला
ताई, अजिबात बघू नका. व्हीएचएसच्या जमान्यापासून नाशकात लग्नाची शूटिंगं केली, आता जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो, म्हणून सांगतोय. ती पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. कॅसेट मशीनमध्ये गेली की बुरशी ड्रमला, हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातल्यासारखं. ती कॅसेट आजच वेगळी काढा. बाकीच्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि व्हीएचएसच्या मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग व्हायला नको.

व्हिनेगरचा वास जास्त गंभीर आहे. त्या रिळाची पट्टी ॲसिटेटची. ती कुजायला लागली की ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि त्या ॲसिडनेच पुढचं कुजणं वाढतं. शेजारच्या रिळांनाही बाधतं. फिल्म आक्रसते, वाकडी होते, मग कुठल्याच मशीनमधून सरळ जात नाही. गेलेलं परत येत नाही, फक्त वेग कमी करता येतो. तो डबा वेगळ्या खोलीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चालवायचा मोह टाळा, दातेरी चाकं कडेची भोकं फाडतात. एकेक फ्रेम स्कॅनच करून घ्यावी लागेल. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे (१९६४ चं, आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन), मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. दोघांनाही फोटो काढून पाठवा आणि कुठे स्कॅन करावं ते विचारा. फाळक्यांच्या गावातून रीळ वाचवायला पुण्या-मुंबईचा रस्ता धरायचा, चालायचंच.

डीव्हीडीचं तर नावच नको. तिच्यात चित्र आवळून कोंबलेलं असतं, लग्नाच्या वरातीला ठीक. छोट्या कॅसेटींसाठी डिजिटल एटचा कॅमेरा शोधा. त्यातली बरीच मॉडेलं जुन्या आठ मिलीमीटरच्या कॅसेटी वाचतात आणि फायरवायर नावाच्या केबलने कॉम्प्युटरला थेट डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइल देतात. एका तासाला साधारण १३ जीबी. व्हीएचएससाठी चांगला व्हीसीआर आणि टीबीसी (चित्र स्थिर करणारं यंत्र) लागतो, नाहीतर चित्र वरच्या कडेला लचकतं. उतरवणाऱ्याला बजावून सांगा: रंग सुधारायचे नाहीत, काही कापायचं नाही, कॅमेरा चालू राहिल्याने जमीन दिसत असेल तर तीसुद्धा राहू द्यायची. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. आणि मूळ कॅसेट कुणी कितीही सांगितलं तरी फेकायची नाही.

अक्राणीवाला
मी कामाला अंबडला, पण मामाचं गाव मणिबेली. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, त्यात आमचं सगळ्यात आधी. लेबलावर तारीख नसली तरी चित्रावरून काळ काढता येतो. नदीकाठी शूलपाणेश्वराचं जुनं दगडी देऊळ दिसलं की शूटिंग बुडिताच्या आधीचं. नवं देऊळ गुजरातेत गोऱ्याला आहे. मध्य प्रदेशातल्या हरसूदचा धरणविरोधी मेळावा २८ सप्टेंबर १९८९ चा, आणि ते अख्खं गाव पुढे २००४ मध्ये इंदिरा सागर धरणासाठी उठवलं. मेळाव्यात काकांनी नुसती भाषणं घेतली की बाजारही, ते बघा. बाजार घेतला असेल तर तो जास्त मोलाचा. फेरकुवा गुजरातच्या सीमेवर, म्हणजे ती डिसेंबर १९९० ची संघर्ष यात्रा, बाबा आमटे होते तीच.

कॅमेऱ्याने छापलेल्या तारखेवर मात्र जाऊ नका. सेल काढला की घड्याळ पुसलं जायचं.

आता खरं सांगतो. पुढाऱ्यांचे चेहरे कुणीही ओळखेल. मागे डोक्यावर भांडी घेऊन बसलेली बाई कोण, कुठल्या पाड्याची, हे सांगणारे फार उरले नाहीत. कोणी गुजरातेत वसवले, कोणी तळोद्याकडे. फाइली झाल्या की लॅपटॉप घेऊन तिथे चला, मी येतो. म्हाताऱ्यांना दाखवायचं आणि ते बोलतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. नदीकाठी वसावे, तडवी, धडगावच्या अंगाला पावरा, बोली बदलत जाते. नाशकात बसून कुणी मराठीत लिहून काढलं तर अर्धं चुकेल. आणि यूट्यूबवर आधी टाकू नका. लाठीमारात कुणाची आई पडलेली दिसत असेल तर तिच्या घरी विचारून मग.

पंचवटीकर
बुरशीवाली वेगळी काढली. व्हिनेगरचा डबा गच्चीवरच्या खोलीत नेत होते, काकू म्हणाल्या तिथे तापतं, म्हणून देवघराखालच्या कपाटात ठेवला. चुलतभावाने तोंड वाकडं केलं पण ऐकलं. दादा, लॅपटॉपचं नक्की. आधी काय उतरवू, मणिबेली की बिनलेबलाच्या?

रीळवाला
बिनलेबलाच्या छोट्या. त्यांचं मशीन सगळ्यात आधी बंद पडणार, सुटे भाग मिळत नाहीत. माझ्याकडे डिजिटल एट चालू आहे, घेऊन या. पट्टा जरा सरकतो, त्यामुळे दिवसाला दोनच कॅसेटी चालवतो.