रूट कॅनाल झालेल्या दाढेची कॅप निघाली, डेंटिस्टची वेळ सोमवारची. तोवर काय करावं?

गुहागरकर_७
गणपतीला गावी आलो आहोत. आईची (वय ६८) खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, सहा वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून वर मेटल-सिरॅमिक कॅप बसवलेली. काल जेवताना ती अख्खी निघून हातात आली. दुखत अजिबात नाही. चिपळूणला सोमवारी दुपारची वेळ मिळाली आहे, आज गुरुवार. आई बीपीची गोळी आणि इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी) घेते. कॅप घरी बसवून ठेवावी की काढूनच ठेवावी? शेजारचे काका फेविक्विकचा एक थेंब लाव म्हणतात.

दंतवैद्य_सातारा
फेविक्विक नको. तो ओलाव्यानं काही सेकंदांत कडक होतो आणि तोंडात ओलावाच असतो, त्यामुळे कॅप पूर्ण खाली जायच्या आत वाकडी चिकटते. मग ती काढताना तुकडे करावे लागतात, कधी दातही तुटतो. हिरडीला भाजतं ते वेगळंच.

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नस काढलेली असल्यामुळे ही दाढ तुटली तरी कळवणार नाही. रूट कॅनालनंतर आतून पोकळ झालेल्या दाढेला कॅपच एकत्र धरून ठेवते. कॅप नसताना त्या बाजूनं एक सुपारीचं खांड चावलं तरी भिंत उभी चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून या चार दिवसांत सगळं जेवण डावीकडून. चकली, चिवडा, कडक भाकरी, चिक्की बंद.

आता कॅप उजेडात धरून आत बघा. आत फक्त पांढरट-पिवळसर खडूसारखा थर असेल तर सिमेंट सुटलं आहे, तात्पुरती बसवायला हरकत नाही. आत दाताचा तुकडा अडकला असेल, किंवा धातूची वा पांढरी काडी (पोस्ट) कॅपबरोबर बाहेर आली असेल, तर घरी बसवू नका. ती काडी मुळात परत घुसवताना मूळ फाटू शकतं. आत तपकिरी, मऊ आणि वास येणारं काही दिसलं तर खाली कीड आहे. तेव्हाही बसवायची घाई नको.

बसवणार असाल तर:

बेसिनच्या भोकावर आधी टॉवेल टाका, नाहीतर कॅप पाइपात जाईल. जुनं सिमेंट लाकडी टूथपिक आणि मऊ ब्रशनं जेवढं सहज निघेल तेवढंच काढा. दाढेचा खुंटही मऊ ब्रशनं साफ करून चूळ भरायला सांगा.

मग काहीही न लावता कोरडी बसवून बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. खालच्या पहिल्या दाढेला गालाच्या बाजूला सहसा तीन उंचवटे असतात आणि जिभेच्या बाजूला दोन, त्यावरून दिशा ओळखा. बरोबर दिशेनं ती जवळजवळ आपोआप खाली जाते. आईंना हळूच दात मिटायला सांगा. बाकीचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर टेकले तर ठीक. कॅप आधी लागते, उंच वाटते, डुगडुगते, असं काहीही असेल तर तिथेच थांबा. उंच बसलेल्या कॅपवर सगळा जोर एका दाढेवर येतो, त्यापेक्षा उघडी दाढ परवडली.

नीट बसली तर खुंट गॉझनं कोरडा करा, गालाशी कापसाची गुंडाळी ठेवा. तात्पुरतं डेंटल सिमेंट मिळालं तर कॅपच्या आतल्या भिंतींना पातळ लेप द्या, आत भरून टाकू नका. भरलेलं सिमेंट बाहेर पडायला जागा शोधतं आणि कॅपच वर उचलतं. बोटानं दाबून बसवा, मग घडी घातलेला गॉझ चावून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. बाहेर आलेलं टूथपिकनं काढा. फ्लॉस वापरलात तर तो वर न ओढता बाजूनं ओढून काढा, वर ओढला की कॅपही बरोबर येते.

गावात सिमेंट मिळालं नाही तर औषधाच्या दुकानात कवळी चिकटवायची पेस्ट मागा. पावडर नको. तुरीच्या डाळीएवढी पुरते. ती फक्त जेवणापुरती धरते, झोपताना कॅप काढून डबीत. या वयात झोपेत सुटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका चावण्याच्या सोयीपेक्षा मोठा आहे.

लवंगवाली
लवंगेचं तेल कापसाला लावून दाढेवर ठेवा, घरोघरी चालतं. आणि रोज दोनदा मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा, ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ.

दंतवैद्य_सातारा
चुळा चांगल्या, हिरडीला बरं वाटेल. लवंगेचं तेल मात्र या दाढेला कशाला? ते नसेची संवेदना बधिर करतं आणि इथे नसच नाही. जिवंत दाताचं फिलिंग पडून गार पाणी झोंबत असेल तिथे त्याचा उपयोग: इअरबडला एक थेंब, फक्त दाताच्या खड्ड्यात. कापूस भिजवून ठेवला तर हिरडी भाजते. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका, गिळलं तर यकृताला अपाय होतो. शिवाय लवंगेतला युजेनॉल पांढऱ्या फिलिंगच्या रेझिनला नीट कडक होऊ देत नाही, म्हणून लावलं असेल तर डेंटिस्टना सांगा.

गोळ्यांचंही लिहून ठेवतो. हिरडी दुखली तर पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत सहा तास अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम नको. इकोस्प्रिनबरोबर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर मूत्रपिंडावर ताण येतो. इकोस्प्रिन स्वतःहून थांबवू नका, कॅप परत बसवायला ती बंद करावी लागत नाही. अँटिबायोटिकची गरज नाही.

लॅबवाला
कॅप आम्ही बनवतो म्हणून दोन गोष्टी. आतलं सिमेंट सुरीनं किंवा सुईनं खरवडू नका. कडेचं सिरॅमिक नखाएवढं जरी उडालं तरी तिथे फट राहते आणि कीड तिथूनच शिरते. उकळू नका, व्हिनेगरमध्ये टाकू नका. ठेवायची तर छोट्या कोरड्या डबीत. टिश्यूत गुंडाळलेल्या कॅप कचऱ्यात जातात, हे रोजचं आहे. तुटलेली असली तरी घेऊन जा, रंग आणि आकार जुळवायला उपयोगी पडते.

गुहागरकर_७
बघितलं. आत पांढरा थर आहे, पण एका कोपऱ्यात काळपट डाग. कोरडी बसवली तर मागच्या बाजूला किंचित वर राहते आणि बोटानं हलते. दाबून बसवू?

दंतवैद्य_सातारा
नको, दाबू नका. मागच्या बाजूला एक तर हिरडी कडेवर चढली असेल किंवा सिमेंटचा खडा राहिला असेल. टूथपिकनं एकदा बघा, खडा निघून पूर्ण बसली तर पुढे जा. नाही बसली तर कॅप डबीत, दाढ उघडी. रात्री मऊ ब्रशनं ती दाढ नक्की घासा, तिच्या कडेला अन्न अडकून हिरडी सुजते.

चार दिवसांनी फार बिघडत नाही. दोन-तीन आठवडे काढले तर शेजारचे दात सरकू लागतात, समोरची दाढ उतरू लागते आणि हीच कॅप मग बसत नाही.

काळपट डाग कीड असेल किंवा नुसता डाग, ते एक्स-रे काढून कळेल. खुंट घट्ट असेल तर साफ करून हीच कॅप ग्लास आयोनोमर सिमेंटनं बसते, एका बैठकीत काम होतं. खाली कीड असेल तर आतली बांधणी आणि कॅप, दोन्ही नवी.

मधल्या काळात गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात.

पेणचा_पाहुणा
इम्प्लांटवरची (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरची) कॅप हलत असेल तरी हेच करायचं का?

दंतवैद्य_सातारा
नाही. तिथे बहुतेक आतला स्क्रू सैल झालेला असतो. चिकटवू नका, फिरवू नका, त्या बाजूनं खाऊ नका. स्क्रू सैल असताना चावत राहिलं तर तो आत तुटतो आणि काढणं किचकट होतं. ज्यांनी इम्प्लांट बसवला त्यांनाच फोन करा, कंपनीप्रमाणे स्क्रूची किल्ली वेगळी असते.

लवंगवाली
आणि कॅप गिळलीच तर?

दंतवैद्य_सातारा
पोटात गेली असेल तर बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडते. पोटात दुखलं, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना दाखवा. पण गिळल्यानंतर ठसका लागला, खोकला थांबेना किंवा श्वासात शिट्टी वाजल्यासारखी ऐकू आली, तर ती श्वासनलिकेत गेली असं धरून लगेच रुग्णालयात जा आणि छातीचा एक्स-रे काढा. थोड्या वेळानं खोकला आपोआप थांबला तरी जा.