शब्दचर्चा: हॉल ऑफ फेमचा 'मानकरी' म्हणावं का?

सातारकर लेक:
मी अटलांटाजवळ राहते, बाबा साताऱ्याला. मागे आम्ही इथलं कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे कॉलेजच्या खेळात गाजलेल्या खेळाडूंना आणि कोचना जिथे कायमचा मान देतात ते ठिकाण, बघून आलो, शेकडो कॉलेजांची हेल्मेटं लावलेली तीन मजली भिंत आहे तिथे. बाबांना त्याबद्दल नीट मराठीत लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीत अडकले. 'अमुक खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला' लिहिलं तर आपल्याकडे दाखल होतो तो दवाखान्यात, नाहीतर गुन्हा. 'कीर्तिदालन' लिहिलं तर बाबांनी विचारलं की कुठल्या म्युझियमचं नाव का हे. मग त्या माणसाला काय मिळालं हे सांगायला शब्द कुठला? मला 'मानकरी' सुचतोय, चालेल का?

कोल्हापूरचा:
ताई, मानकरी शब्द गोड आहे पण जपून वापरा. आमच्याकडे जत्रेला पालखीचा मान ज्या घराण्याचा त्याच घराण्याचा, आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून पोराकडे येतो, तिथे कुणी मार्क बघत नाही. पेपरवाले 'पुरस्काराचा मानकरी' लिहितात त्यामुळे आता तो कमावलेल्या मानालाही लागतो हे खरं, पण जुन्या माणसाला पहिल्यांदा पालखीच आठवणार. तिथे मान कसा ठरतो ते सांगा, मग शब्द शोधू.

डलासवाला:
मी सांगतो, पंधरा वर्षं बघतोय हा खेळ. आधी एक, बाबांना लिहिताना 'अमेरिकन फुटबॉल' लिहा, नुसतं फुटबॉल लिहिलंत तर त्यांच्या डोळ्यासमोर मेस्सी येईल. हे हॉल नॅशनल फुटबॉल फाउंडेशन चालवतं, पहिली तुकडी १९५१ ची. खेळाडूची पहिली अट म्हणजे तो कधीतरी फर्स्ट टीम ऑल-अमेरिकन असायला हवा, म्हणजे त्या सीझनला देशभरातल्या कॉलेजांतून निवडलेल्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव हवं, आणि ती यादीही मान्यताप्राप्त निवडकर्त्यांचीच लागते. मग कॉलेजातला शेवटचा सीझन संपून १० सीझन जावे लागतात, प्रो म्हणजे व्यावसायिक खेळणं थांबलेलं हवं, आणि नंतर माणूस म्हणून तो कसा वागला तेही बघतात. त्यानंतर फाउंडेशनच्या सभासदांची मतं आणि शेवटी ऑनर्स कोर्टाचा निर्णय. इथे कोर्ट म्हणजे निवड मंडळ, न्यायालय लिहू नका.

पहिली अट किती कडक ते बघा, जो मोंटाना! नोत्र दाम विद्यापीठाकडून १९७७ ची नॅशनल चॅम्पियनशिप, पुढे प्रोमध्ये चार सुपर बोल, म्हणजे तिथले अंतिम सामने, जिंकले, कॅंटनच्या प्रो हॉल ऑफ फेममध्ये २००० साली गेला. पण कॉलेजच्या हॉलमध्ये नाही, कारण कॉलेजात असताना तो फर्स्ट टीम ऑल-अमेरिकन कधी झालाच नाही. टॉम ब्रेडी या दुसऱ्या मोठ्या प्रो खेळाडूचंही तेच.

नागपूरहून:
मग 'मान पटकावला' तर अजिबात नको. पटकावतात ते स्पर्धेत, त्याच दिवशी, समोरच्याला हरवून. गदा पटकावली म्हणतो आपण. इथे तर खेळ संपून दहा वर्षं झाल्यावर दुसरेच लोक बसून ठरवतात. दोन पायऱ्या आहेत तर मराठीतही दोन क्रियापदं ठेवा, आधी 'पात्र ठरला', मग 'निवड झाली'. मोंटाना पात्रच ठरला नाही, हे एका वाक्यात कळतं. आणि ऑल-अमेरिकनचं 'अखिल अमेरिकन' करू नका हो, अखिल भारतीय म्हटलं की आपल्याला संमेलन नाहीतर परीक्षा आठवते.

सातारकर लेक:
दादा, हे पटलं. आणि कोचचं काय? त्यांना कुठली ऑल-अमेरिकन टीम?

डलासवाला:
कोचचा हिशोब आकड्यांचा. हेड कोच म्हणून किमान १० वर्षं, किमान १०० सामने, आणि ६० टक्के जिंकलेले. माइक लीच म्हणून कोच होता, पासिंगचा, म्हणजे बॉल हाताने पुढे फेकण्याचा खेळ बदलून टाकला त्याने, २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेला. त्याचे १५८ विजय, १०७ पराभव, म्हणजे ५९.६ टक्के, एवढ्याशा फरकाने बाहेर. शेवटी ही अट ५९.५ वर आणली, २०२७ पासून. मला फार बरं वाटलं ते वाचून, त्याचा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ते ०.४ टक्के सतत टोचत होते.

कोल्हापूरचा:
मग कोचला 'पात्र' अगदी फिट बसतो. हॉल ऑफ फेम मात्र तसंच ठेवा, सचिनला २०१९ ला आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा सगळीकडे हाच शब्द होता, तुमच्या बाबांनीही वाचला असणार. आणि निवड झाल्यावरचं सांगायला आपल्याकडे 'पंगतीत बसणे' आहे की. थोरांच्या पंगतीत बसला म्हणतो आपण. पंगतीत आपण होऊन घुसता येत नाही, कुणीतरी या बसा म्हणावं लागतं.

सातारकर लेक:
पंगत! हेच हवं होतं. बाबांना असं लिहिलंय: "स्टीव्ह स्परियर अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू म्हणून पात्र ठरला, १९८६ ला हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. मग कोच झाला, तिथेही पात्र ठरला आणि २०१७ ला पुन्हा निवड झाली. एकाच पंगतीत दोनदा पान मांडलेला तो चौथाच माणूस."