शेजार आणि भरवसा : गावाकडचे अनुभव

गावात माणसे एकमेकांना धरून असतात, हे वाक्य आपण सगळेच फार सहज बोलतो. ती नेमकी कशाने धरून असतात आणि कशाने सुटतात, हे प्रत्येकाने आपल्या घरात, शेतात वा वाडीत प्रत्यक्ष घडलेल्या एखाद्या गोष्टीतून लिहावे, यासाठी हा धागा काढला आहे. व्यक्तींची नावे लिहू नयेत, ही एकच विनंती. सुरुवात मी करते.

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. लहानपणी आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होत असे. आज आमच्या खाचरात चार घरची माणसे, उद्या त्यांच्यापैकी एकाच्या खाचरात आमच्या घरची दोघे. पैसे कोणी कोणाला देत नसे, पण म्हणून हिशेब नव्हता असे मात्र नाही. पडवीच्या मातीने सारवलेल्या भिंतीवर आई चुलीतल्या कोळशाने रेघा ओढीत असे. प्रत्येक घराची एक खूण, तिच्याखाली उभी रेघ म्हणजे त्या घराकडून आलेला एक दिवस, आणि आमच्याकडून त्याची फेड झाली की तिच्यावर आडवा छेद. आमचे जे दिवस दुसऱ्यांकडे अडकलेले असत, त्यांच्या रेघा दाराच्या दुसऱ्या अंगाला असत. आईला लिहिता येत नव्हते, तरी त्या भिंतीबद्दल वाडीत कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही.

एका वर्षी शेजारचे काका माडावरून पडले आणि दाराच्या दुसऱ्या अंगाला त्यांच्या नावाच्या तीन रेघा छेदाविना राहिल्या. भिंत दर दिवाळीला नव्याने सारवली जाई, तरी त्या तीन रेघा आई पुन्हा ओढून ठेवी. विषय मात्र तिने कधी काढला नाही. चौथ्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा, जेमतेम सोळा वर्षांचा, न बोलावता आला, तीन दिवस आमच्या चिखलात राबला आणि तिसऱ्या संध्याकाळी हातपाय धुऊन पडवीत उभा राहून म्हणाला, ‘काकी, आता छेद दे.’ सावड टिकली ती मनाच्या मोठेपणामुळे, असे मला म्हणूनच वाटत नाही. येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना दिसणारी ती भिंत होती, म्हणून ती टिकली. आता पॉवर टिलर तासाच्या भाड्याने येतो, अर्धी खाचरे पडीक आहेत आणि भिंतीला ऑइलपेंट लागला आहे.

निवृत्त शिक्षिका, औसा तालुका, जिल्हा लातूर

आपल्या भिंतीवरून मला आमची माळवदे आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, त्याच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणपती बोळवून गाव नुकतेच झोपले होते. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या गावाबद्दल.

जुन्या गावात घरे दगडमातीची, भिंतीला भिंत लागलेली आणि वर मातीची सलग माळवदे. त्या जाड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्यानेच माणसे मारली, हे खरे आहे. पण त्याच माळवदांवरून माझी आई आणि शेजारची मावशी सांडगे वाळत घालता घालता बोलत, विस्तव मागत, दोन्ही घरांची पोरे एकाच दुपट्याखाली झोपवीत. पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि घरे जमीनधारणेप्रमाणे मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. आमच्या गावात एकेका आकाराची घरे एकेका बाजूला बांधली गेली. आम्हाला ४०० ची रांग मिळाली, मावशीला २५० ची. अकरा एकर असलेला आणि एक एकर असलेला, जे जुन्या गल्लीत एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते, ते पहिल्यांदाच सातबाऱ्यानुसार वेगळे राहू लागले. हे कोणी वाईट हेतूने केले, असे मी म्हणत नाही. घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते, सामान आणणारा ट्रक थेट दारापर्यंत येत होता.

आई मात्र पदराखाली वाटी झाकून भर उन्हात गावाच्या दुसऱ्या टोकाला जात असे, कारण नव्या वसाहतीत तेव्हा एकही झाड नव्हते. वाटीत काय असे? कधी लोणचे, कधी आंबाडीची भाजी. जाण्याला निमित्त लागे, एवढेच. मावशी गेल्यावर त्या रस्त्याने जाणे तिने सोडले. नव्या शेजारणीशी तिचे कधी भांडण झाले नाही आणि तिच्याकडून तिने कधी विस्तवही मागितला नाही. अर्थात तोवर गॅस आला होता, हेही नमूद केले पाहिजे.

नेवासा तालुका, जिल्हा अहिल्यानगर

आमच्या शेजारचे शनिशिंगणापूर दारांवाचूनच्या घरांसाठी सर्वांना ठाऊक आहे. २०११ मध्ये तेथे एका राष्ट्रीयीकृत बँकेची कुलूप नसलेली शाखा निघाली, तेव्हा त्याची बातमी झाली होती. आमच्या एका नातलगाला मी एकदा विचारले, की हा भरवसा शेजाऱ्यावरचा की शनिदेवावरचा. ते म्हणाले, ‘देवावरचाच. पण रोजच्याला दोन्ही एकच पडतं.’ मला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, पण याहून चांगले उत्तर माझ्यापाशीही नाही.

शेतकरी, सिन्नर तालुका, जिल्हा नाशिक

सुटण्याचा अनुभव कोणी लिहिला नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या चुलतभावाने सोयीसाठी आपापले तुकडे तोंडी बदलून घेतले होते, कारण त्यांची विहीर आमच्या नावावरच्या गटाला लागून होती. वहिवाट बदलली, सातबारा बदलला नाही. दोघे जिवंत होते तोवर कोणाला काही वाटले नाही. त्यांच्यामागे भाव वाढले, रस्ता जवळून गेला, आणि एके वर्षी चुलत्यांनी मोजणी आणली. त्यानंतर सतरा वर्षे कोर्ट. या काळात आम्ही एकमेकांच्या लग्नाला गेलो नाही. मयताला गेलो, पण लांब उभे राहिलो. बांध दरवर्षी नांगरताना बोटबोट सरकत गेला, हे दोन्ही बाजूंनी, हे मी आता कबूल करतो.

२०२३ साली राज्य शासनाची सलोखा योजना आली. किमान बारा वर्षे एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येऊ लागला. पैशांचा प्रश्न सुटला, तरी पंचनाम्यावर शेजारच्या गटधारकांच्या सह्या लागत होत्या, आणि इतक्या वर्षांत आम्ही दोघांनीही त्या सर्वांना कधी ना कधी साक्षीला ओढून दुखावले होते. एक गृहस्थ तर म्हणाले, ‘सही करतो, पण पुढं पुन्हा कोर्टात बोलावणार नाही, हे आधी दोघं मिळून सांगा.’ आम्ही दोघे चुलतभाऊ त्यांच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलो आणि तसे सांगितले. सतरा वर्षांत आम्ही एका सुरात बोललेले ते पहिले वाक्य असावे. दस्त झाला. बोलणे अजून कामापुरतेच आहे.

बीड जिल्हा

या धाग्यात ‘गाव’ हा शब्द ज्या सहजतेने येतो आहे, त्याबद्दल थोडे लिहितो. इर्जिकीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतात औते धरायच्या, आठवणी आमच्याकडेही सांगतात. त्या आठवणींत माझे आजोबा आहेत, पण ते औत धरणारे नाहीत, कारण आमच्या वस्तीत कोणाकडे बैल नव्हते. काम झाल्यावरच्या जेवणात त्यांचे पान निराळे, अंगणाच्या कडेला. शेजार होता, भरवसाही होता. आजोबांच्या हाती धान्याचे आख्खे खळे रात्रभर राखणीला सोपवले जाई. त्याच घराच्या ओसरीवर मात्र त्यांना चढता येत नसे.

वडिलांनी नोकरीच्या पैशांतून तीन एकर घेतले, त्याला आता बावीस वर्षे झाली. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाइट, म्हणजे मोटारीची वीज, एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री असते, हे ज्यांनी पाणी धरले आहे त्यांना सांगायला नको. रात्रीच्या पाळीला एकटे जाणे धोक्याचे, कारण विंचूकाटा असतो, मोटार अडखळते, पाट फुटतो. म्हणून बांधाला बांध लागलेले शेजारी, मराठा, वयाने माझ्याहून मोठे, आणि मी यांनी ठरवून टाकले आहे, की रात्रपाळीच्या आठवड्यात दोघांनी एकत्र जायचे आणि आधी त्यांचे, मग माझे भिजवायचे; पुढच्या वेळी उलट. रात्री तीनच्या सुमारास आम्ही बोरीखाली बसतो, टॉर्च जमिनीवर आडवी ठेवतो आणि त्यांच्या तांब्यातले पाणी आलटून पालटून पितो. ते वरून ओतून पीत नाहीत, मीही नाही. दिवसा त्यांच्या घरी काही कामाने गेलो, तर मला पाणी स्टीलच्या पेल्यात येते, जो खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. रात्रीचा तांब्या खरा की दिवसाचा पेला, असे माझी मुलगी विचारते. मी तिला सांगतो, की दोन्ही एकाच माणसाचे आहेत.

चाकरमानी, मूळ गाव लांजा तालुका, जिल्हा रत्नागिरी

धागाकर्तीच्या शेजारच्याच तालुक्यातला असल्याने राहवले नाही. २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून आम्ही चौघे गावी पोहोचलो, तेव्हा वेशीवर बांबू आडवा होता आणि त्याच्यामागे माझ्या वर्गात शिकलेली माणसे होती. राग मला आला, पण आज विचार करता त्यांची भीती खोटी नव्हती. घरोघरी म्हातारी माणसे होती आणि जवळचे मोठे रुग्णालय फार लांब. चौदा दिवस प्राथमिक शाळेत काढले. आम्ही आधी न कळवता आलो, अशी तक्रार ग्राम कृती दलाकडे आमच्या लगतच्या घरातल्या भाऊंनी केली होती, आणि रोज सकाळी शाळेच्या गडग्यावर भाकरीचा डबा ठेवून जाणारी त्यांचीच बायको होती. डबा ठेवून ती दहा पावले मागे सरायची आणि मोठ्याने विचारायची, ‘पोरांका ताप नाय मां?’

डबे परत देता येत नव्हते, म्हणून शाळेच्या खिडकीत चौदा डबे साठले. पंधराव्या दिवशी ते घासून द्यायला गेलो. रिकामा डबा परत करू नये, एवढे कळत होते, पण आमच्याकडे घालायला उरले होते काय, तर मुंबईहून आणलेले बिस्किटांचे तीन पुडे. ते वरच्या तीन डब्यांत घातले. भाऊ पडवीत पेज पीत होते. त्यांनी वर न बघता डबे मोजले, एकदा नव्हे, दोनदा, आणि म्हणाले, ‘एक झाकण कमी आहे.’ मग थोडे थांबून, ‘लावणीपर्यंत राहणार आहेस का?’