मदत हवी आहे: जुनं उत्तर मागाहून येऊन बसतंय

नमस्कार मंडळी. गाव शोधायचा सर्च बॉक्स लिहितोय. अक्षर टाइप झालं की सर्व्हरला रिक्वेस्ट जाते आणि पान रिलोड न होता खाली यादी येते. घोळ असा की भरभर 'सांगोला' टाइप केलं, तर 'सांगोला'चं उत्तर आधी येतं आणि 'सा'चं रेंगाळत येऊन त्याच्यावर बसतं. बॉक्समध्ये सांगोला, खाली सातारा, सासवड, सावंतवाडी!

असिंक्रोनस म्हणजे उत्तरासाठी ब्राउझर अडून राहत नाही, एवढं ठाऊक होतं. उत्तरं क्रमाने येतीलच असं नाही, हे आता कळलं. 'अवेट' (उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणारा जावास्क्रिप्टचा शब्द) लावून पाहिलं, पण ते त्या फंक्शनपुरतं थांबतं; आधी सुटलेल्या रिक्वेस्टला काही होत नाही. प्रत्येक रिक्वेस्टला नंबर देऊन जुनं उत्तर टाकून द्यावं, की अबॉर्ट कंट्रोलरने रिक्वेस्टच रद्द करावी? तुम्ही काय करता?

जाता जाता, ऑफिसात वाद रंगलाय. सहकारी म्हणतो, अजॅक्स (म्हणजे पान रिलोड न करता मागून डेटा आणायची हीच पद्धत) गूगलने शोधलं. माझं म्हणणं, मूळ सोय मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली, १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत ती आली. जीमेल-मॅप्सने ती गाजवली आणि अजॅक्स हे नाव वेब डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये दिलं. त्याआधी लपवलेल्या आयफ्रेमवर (पानाच्या आत बसवलेल्या दुसऱ्या पानावर) असली कामं कुणी केलीत का?